ओएसपीएफचा नेबर वारंवार पडतो (पलासिया–सांवेर रोड–पीथमपूर). डेड टायमर वाढवावा का?

गोदाम_राउटर, इंदूर

नमस्कार मंडळी. तीन ठिकाणं आहेत, तिन्ही ओएसपीएफच्या (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याचा प्रोटोकॉल) एरिया ० मध्ये, म्हणजे एकाच गटात. नेबर म्हणजे लिंकच्या समोरचा जुळलेला राउटर.

आर१: पलासियाचं मुख्य ऑफिस, सिस्को. आर२: पीथमपूरचा प्लांट, सिस्को. आर३: सांवेर रोडचं गोदाम, मायक्रोटिक, राउटरओएस ७.

आर१–आर२ फायबरची लीज्ड लाइन आहे, दोन्ही टोकांना प्रोव्हायडरचा मीडिया कन्व्हर्टर, पत्ता १७२.१६.१२.०/३०. आर१–आर३ छतावरून छतावर ५ गिगाहर्ट्झचा वायरलेस ब्रिज, १७२.१६.१३.०/३०. अ‍ॅक्सेस पॉइंट सांवेर रोडला, स्टेशन पलासियाला. आर२–आर३ दोन्हीकडच्या ब्रॉडबँडवरून आयपीसेकमधला जीआरई टनेल (इंटरनेटवरून काढलेली सांकेतिक, आभासी लाइन), १७२.१६.२३.०/३०, हा बॅकअप.

लक्षणं अशी. वायरलेसवर रोज दहा-बारा वेळा आर१ च्या लॉगमध्ये ‘फुल टू डाउन, नेबर डाउन: डेड टायमर एक्स्पायर्ड’ येतं (डेड टायमर म्हणजे समोरून काहीच न आल्यास नेबर मेला असं धरायची मुदत). त्याच वेळी आर३ वर आर१ ‘इनिट’ अवस्थेत दिसतो. पिंगमध्ये लॉस जेमतेम २ टक्के. टनेलवर आर२ कडे ‘एक्सस्टार्ट टू डाउन, टू मेनी रिट्रान्समिशन्स’, आणि तिथे नेबर फुल (पूर्ण जुळलेला) झालेला कधीच दिसत नाही. लीज्ड लाइनवर आठवड्यातून एक-दोनदा दोन्ही बाजूंना डेड टायमर एक्स्पायर होतो, इंटरफेस मात्र अप राहतो.

नेबर पडला की गोदामात ईआरपीचं सत्र अडकतं, गेटपास आणि बिल्टीची छपाई थांबते, गेटवर ट्रकची रांग लागते. डेड टायमर ४० वरून १२० सेकंद करा असा सल्ला मिळतोय. करावा का?

---

माळवा_पॅकेट, इंदूर

करू नका. १२० सेकंद केलेत तर लॉग स्वच्छ दिसेल, पण लिंक खरोखर मेली तर दोन मिनिटं सगळी बिल्टी मेलेल्या वाटेवर जात राहील. शिवाय हॅलो (नेबरला ठरावीक वेळाने जाणारं ‘मी आहे’चं पॅकेट) आणि डेड टायमर दोन्ही टोकांना तंतोतंत सारखे लागतात. एका बाजूला बदललेत आणि दुसरीकडे राहिले, तर नेबर मुळी जुळणारच नाही.

तुमच्याकडे एक बिघाड नाही, तीन आहेत. राउटर नेबर पडण्याचं कारण लॉगमध्ये लिहून देतो, त्यावरूनच वाटा वेगळ्या करा. ‘डेड टायमर एक्स्पायर्ड’ म्हणजे समोरचे हॅलो पोचले नाहीत. ‘टू मेनी रिट्रान्समिशन्स’ म्हणजे हॅलो पोचतात, पण मोठी पॅकेट पोचत नाहीत किंवा समोरचा ती नाकारतो. ‘इंटरफेस डाउन’ असेल तर ओएसपीएफला हात लावायचं कारण नाही, केबल, एसएफपी आणि वीज बघायची.

आधी वायरलेस. हॅलो दर १० सेकंदांनी जातो, डेड टायमर ४० चा, म्हणजे लागोपाठ चार हॅलो हरवले तरच नेबर पडतो. लॉस खरोखर २ टक्के आणि विखुरलेला असेल, तर लागोपाठ चार हरवण्याची शक्यता ०.०२ चा चौथा घात, म्हणजे ०.००००००१६. दिवसात ८६४० हॅलो जातात, त्या हिशेबाने नेबर दोनेक वर्षांतून एकदा पडायला हवा. रोज दहा-बारा वेळा पडण्यासाठी हॅलोचा लॉस २० टक्क्यांच्या आसपास लागतो. म्हणजे पिंग जे मोजतोय ते आणि हॅलोचं जे होतंय ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेगळ्या का, तर पिंग युनिकास्ट (एकाच पत्त्याला जाणारा) आहे. ८०२.११ चा रेडिओ युनिकास्ट फ्रेमची पोच मागतो, पोच आली नाही तर फ्रेम पुन्हा पाठवतो. हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठीच्या) पत्त्यावर जातो. अ‍ॅक्सेस पॉइंट मल्टिकास्ट फ्रेम एकदाच हवेत सोडतो, पोच नाही, पुनःप्रयत्न नाही. आजूबाजूला गोंगाट असेल तर ती गेली ती गेलीच.

दिशासुद्धा तुमच्याच पोस्टमध्ये आहे. टायमर आर१ चा संपतो आणि आर३ इनिट दाखवतो. इनिट म्हणजे आर३ ला आर१ चे हॅलो मिळताहेत, पण त्यांतल्या नेबरच्या यादीत आर३ चं स्वतःचं नाव नाही. तेव्हा हरवतंय ते सांवेर रोडकडून पलासियाकडे. स्टेशनकडून अ‍ॅक्सेस पॉइंटकडे जाणारा मल्टिकास्ट हवेत अ‍ॅक्सेस पॉइंटच्या नावाने युनिकास्ट म्हणून जातो, त्याला पोच असते. उलट दिशेला ती नसते. तुमचा अ‍ॅक्सेस पॉइंट सांवेर रोडलाच आहे. सगळं जुळतंय.

उपाय दोन. रेडिओच्या सेटिंगमध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करण्याची सोय असेल (मायक्रोटिकच्या रेडिओवर ‘मल्टिकास्ट-हेल्पर’, किंमत ‘फुल’) तर ती चालू करा. नसेल, किंवा तिच्यावर भरवसा नसेल, तर या एका लिंकवर ओएसपीएफ नेटवर्क टाइप एनबीएमए करा, म्हणजे हॅलोच युनिकास्ट जातील. आर१ वर इंटरफेसखाली ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क नॉन-ब्रॉडकास्ट’ आणि राउटर ओएसपीएफखाली ‘नेबर १७२.१६.१३.२’. आर३ वर त्या इंटरफेस-टेम्प्लेटचा टाइप ‘एनबीएमए’ आणि ‘स्टॅटिक-नेबर’मध्ये १७२.१६.१३.१.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. सिस्कोवर नॉन-ब्रॉडकास्ट करताच हॅलो-डेड आपोआप ३०-१२० होतात, ते हाताने १० आणि ४० करून दोन्हीकडे सारखे ठेवा. दुसरं, एनबीएमएमध्ये डाउन झालेल्या नेबरला हॅलो पोल इंटरव्हलने जातो, आणि तो मुळात १२० सेकंद असतो. दोन्हीकडे २० करा, नाहीतर लिंक सुधारल्यावरही नेबर दोन मिनिटं उठायचा नाही.

काम करताना टाइप एकाच बाजूला बदलून चहाला जाऊ नका. विशेषतः एकीकडे ब्रॉडकास्ट, दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट असं राहिलं तर टायमर दोन्हींचे १०-४० असल्याने नेबर फुल दिसतो, पण राउटिंग टेबलमध्ये त्या बाजूचा एकही रूट येत नाही. फुल पाहून माणूस निर्धास्त होतो आणि मग तासन्‌तास फायरवॉल तपासत बसतो.

रेडिओही बघून घ्या. इंदुरात ५.८ गिगाहर्ट्झवर गर्दी असेल तर ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हा पट्टाही आपल्याकडे २०१८ पासून परवानामुक्त आहे. तिथे डीएफएस चालू असेल आणि रेडिओला रडार दिसलं, तर तो चॅनेल सोडतो आणि नव्या चॅनेलवर बोलण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकतो. ६० हे ४० पेक्षा जास्त, म्हणजे नेबर पडणारच. ही ओळख सोपी आहे: त्या वेळी पिंगही पूर्ण बंद असतो. आणि पावसाळ्यात त्रास वाढत असेल तर दोष पावसाच्या थेंबांना देऊ नका, ५ गिगाहर्ट्झवर त्यांचा परिणाम नगण्य. पाणी छतावरच्या कनेक्टरमध्ये आणि लॅन केबलच्या फाटक्या आवरणात शिरतं.

आता टनेल. ‘एक्सस्टार्ट’मध्ये (नेबर जुळतानाचा मधला टप्पा) अडकणं हे बहुतेक वेळा एमटीयूचंच काम. एमटीयू म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या एका पॅकेटचा कमाल आकार. डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमध्ये प्रत्येक राउटर आपला एमटीयू लिहितो. तो आकडा आपल्या एमटीयूपेक्षा मोठा असेल तर घेणाऱ्याने पॅकेट नाकारावं, असा आरएफसी २३२८ चा नियमच आहे. हॅलोमध्ये एमटीयू नसतो, म्हणून सुरुवात झकास होते आणि गाडी पुढे अडते. सिस्को दर ५ सेकंदांनी पॅकेट पुन्हा पाठवतो, मर्यादा संपली की नेबर पाडतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

दोन्हीकडचे टनेल एमटीयू बघून कळवा. साध्या जीआरईचं ओझं २४ बाइट, म्हणून १५०० मधून १४७६ उरतात. वर आयपीसेक आणि ब्रॉडबँड पीपीपीओई असेल तर १४९२ पासूनच मोजायचं. ताणत बसण्यापेक्षा दोन्हीकडे १४०० आणि टीसीपी एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधला कमाल डेटा) १३६० ठेवा. मग डीएफ बिट (‘पॅकेटचे तुकडे करू नका’ ही खूण) लावून १४०० चा पिंग टनेलच्या समोरच्या पत्त्यावर मारा. सिस्को आणि मायक्रोटिकच्या पिंगमध्ये आकार आयपी हेडर धरून असतो. विंडोजमधून मारलात तर १३७२ लिहा, तिथे २८ बाइट वेगळे धरतात.

‘एमटीयू-इग्नोर’ लावू नका. आज डेटाबेस छोटा आहे म्हणून नेबर फुल होईल, पण एलएसए (राउटर आपल्या लिंकची जी माहिती सगळ्यांना कळवतो ती) वाढून अपडेट पॅकेट मोठं झालं की तेच पॅकेट वाटेत हरवायला लागेल, आणि तेव्हा कारण शोधणं आजच्यापेक्षा अवघड असेल.

---

मकरपुरा_नोड, वडोदरा

वरच्या उत्तराशी सहमत. लीज्ड लाइनचं मी सांगतो.

दोन्ही बाजूंना टायमर संपतो आणि इंटरफेस अप राहतो, याचा अर्थ तार मधे तुटते आणि राउटरला ते दिसत नाही. राउटरची तांब्याची केबल कन्व्हर्टरपर्यंतच. फायबर पुढे तुटलं तरी कन्व्हर्टर राउटरला लिंक देत राहतो. प्रोव्हायडरकडे तक्रार नोंदवताना ‘लिंक फॉल्ट पास-थ्रू’ दोन्ही कन्व्हर्टरवर चालू करायला सांगा, म्हणजे फायबर गेलं की तांब्याची बाजूही पडेल आणि ओएसपीएफला ४० सेकंद थांबावं लागणार नाही.

त्यावर विसंबायचं नसेल तर आर१–आर२ वर बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे झटपट तपासणारा प्रोटोकॉल) लावा. ३०० मिलिसेकंद, गुणक ३, म्हणजे ०.९ सेकंदात निदान. दोन्हीकडे इंटरफेसवर बीएफडी इंटरव्हल आणि ‘आयपी ओएसपीएफ बीएफडी’. मधे अ‍ॅक्सेस-लिस्ट असेल तर यूडीपी ३७८४ मोकळा ठेवा. वायरलेसवर मात्र हे आकडे चुकूनही लावू नका. तिथे पाऊण-एक सेकंदाची अडखळ रोजची असते आणि प्रत्येक अडखळीला नेबर पडेल.

दुसरी शक्यता डुप्लेक्सची (फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं-घेणं, हाफ म्हणजे आळीपाळीने). कन्व्हर्टर १०० फुलवर ठोकून बसवलेला आणि राउटर ऑटोवर असेल, तर राउटर वेग ओळखतो पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही, आणि हाफ धरतो. कमी वाहतुकीत काही कळत नाही. रात्रीचा बॅकअप सुरू झाला की हाफ बाजूला लेट कोलिजन आणि फुल बाजूला सीआरसी (बिघडलेल्या फ्रेम) वाढतात, त्यात हॅलो सापडतात. ‘शो इंटरफेसेस’मध्ये डुप्लेक्स आणि हे दोन काउंटर बघा. काउंटर शून्य करून गर्दीच्या तासानंतर परत बघा, जुन्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका. दुरुस्ती करताना दोन्हीकडे ऑटो किंवा दोन्हीकडे ठोकलेलं, अर्धंमुर्धं नाही.

एक विचारायचं राहिलं. आर२ चं कॉन्फिगरेशन आर१ वरून कॉपी केलेलं आहे का? राउटर आयडी तिन्हींचे वेगळे आहेत ना?

---

गोदाम_राउटर, इंदूर

दोघांचे मनापासून आभार. तपासलेलं लिहितो.

लीज्ड लाइन: डुप्लेक्स दोन्हीकडे फुल, लेट कोलिजन शून्य, सीआरसी वाढत नाहीत. म्हणजे कन्व्हर्टरच्या पलीकडचंच. पास-थ्रूची मागणी नोंदवली आहे, बीएफडी लावला आहे.

वायरलेस: दोन्हीकडे एनबीएमए, १०-४०, पोल २०. त्यानंतर लॉगमध्ये एकही डेड टायमर नाही, दुपारच्या गर्दीतसुद्धा नाही.

टनेल: आर२ वर १४०० होता, आर३ वर १४७६. दोन्हीकडे १४०० केला, डीएफ पिंग जातो, नेबर फुल झाला. पण आता नवंच सुरू झालं. फुल झाल्यावर बरोबर ४० सेकंदांच्या आसपास आर२ ‘डेड टायमर एक्स्पायर्ड’ म्हणतो, थोड्या वेळाने पुन्हा फुल, पुन्हा ४० सेकंदांनी डाउन. घड्याळ लावल्यासारखं. शिवाय मधल्या काळात गोदामातून पीथमपूरच्या सर्व्हरला जाणारी सत्रं तुटतात. सध्या टनेल बंद ठेवला आहे.

राउटर आयडी: १०.०.०.१, २, ३, हाताने दिलेले. आर२ वर ‘नेटवर्क ०.०.०.० २५५.२५५.२५५.२५५ एरिया ०’ आहे आणि आर३ च्या टेम्प्लेटमध्ये ०.०.०.०/०.

---

लष्कर_गेटवे, ग्वाल्हेर

शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. बिघाड असा ठेक्यात येत असेल तर तार बघू नका, राउटिंग बघा. तार खराब असली की वेळ अनियमित असते.

०.०.०.० लिहिल्यामुळे दोन्हीकडचे ब्रॉडबँडचे इंटरफेसही ओएसपीएफमध्ये आले. समजा आर२ चा सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.१०, सबनेट २०३.०.११३.८/२९. टनेल फुल होताच आर२ हा /२९ टनेलवरून आर३ ला शिकवतो. आर३ कडे तोवर त्या पत्त्याची वाट टनेलच्या बाहेरून होती. टनेलची वाट आर३ ला जवळची वाटते, म्हणून ती जिंकते. आता टनेलचं बाहेरचं पॅकेट ज्या २०३.०.११३.१० ला जायचं, त्या पत्त्याची वाट टनेलमधूनच! पॅकेट स्वतःच्याच आत शिरायला जातं आणि मरतं. आर३ चे हॅलो थांबतात, ४० सेकंदांनी आर२ नेबर पाडतो, रूट जातात, जुनी वाट परत कामाला येते, टनेल उठतो आणि चक्र पुन्हा सुरू.

आर२ वर अजून हे दिसलं नाही, कारण आर३ चा ब्रॉडबँड सबनेट त्याला आर१ आणि वायरलेसवरून स्वस्तात मिळतो. वायरलेस पाडून बघितलंत तर आर२ च्या लॉगमध्ये ‘टनेल टेम्पररिली डिसेबल्ड ड्यू टू रिकर्सिव्ह राउटिंग’ येईल. आणि यातली जास्त घातक गोष्ट ही की सगळं सुरळीत दिसतानाही आर२ चा टनेल ब्रॉडबँडवरून जात नाही, वायरलेसवरून जातो. म्हणजे ज्या लिंकसाठी बॅकअप ठेवला, तिच्याच खांद्यावर तो बसलेला.

दुरुस्ती दोन्ही राउटरवर करा. आर२ वर ०.०.०.० ची ओळ काढून १७२.१६.१२.० ०.०.०.३, १७२.१६.२३.० ०.०.०.३ आणि प्लांटच्या लॅनची ओळ लिहा. नव्या ओळी आधी टाका, जुनी मग काढा, नाहीतर मधे सगळे नेबर पडतील. आर३ च्या टेम्प्लेटमध्येही तेच. ब्रॉडबँडला नुसतं ‘पॅसिव्ह’ करून भागणार नाही. पॅसिव्हने हॅलो थांबतात, सबनेट मात्र जाहीर होतच राहतो. लॅनच्या इंटरफेसला पॅसिव्ह जरूर करा, तिथे तेच हवं असतं.

वर दोन्हीकडे एकेक /३२ स्टॅटिक रूट: समोरच्या सार्वजनिक पत्त्यासाठी, आपल्या ब्रॉडबँडच्या गेटवेकडे. /३२ पेक्षा नेमकं काही नसतं, त्यामुळे उद्या कोणी चुकून डिफॉल्ट किंवा दुसरा सबनेट ओएसपीएफमध्ये आणला तरी टनेलची वाट बदलत नाही. ब्रॉडबँडचा पत्ता बदलता असेल तर हे चालणार नाही, तेव्हा स्थिर पत्ता घ्या.

आता सत्रं तुटण्याचं. कॉस्ट (वाट निवडताना लिंकला दिलेला आकडा, कमी तितकी वाट जवळची) हाताने दिली आहे का? नसेल तर हिशेब असा होतो. राउटरओएस ७ मध्ये प्रत्येक इंटरफेसची कॉस्ट मुळात १, टनेलचीही. सिस्को कॉस्ट बँडविड्थवरून काढतो, संदर्भ १०० मेगाबिट, आणि टनेल इंटरफेसची बँडविड्थ मुळात फार कमी धरतो. १०० किलोबिट धरली तर कॉस्ट १०००. म्हणून आर३ ला पीथमपूरची सगळ्यात जवळची वाट टनेल वाटते आणि आर२ ला गोदामाची जवळची वाट पलासियामार्गे. जाणं एका वाटेने, येणं दुसऱ्या. मधे सत्र लक्षात ठेवणारी फायरवॉल असेल तर ती अर्धंच संभाषण बघते आणि पॅकेट टाकून देते.

प्रत्येक लिंकची कॉस्ट दोन्ही टोकांना सारखी आणि हाताने लिहा. लीज्ड लाइन १०, वायरलेस २०, टनेल ५००. गोदाम ते प्लांट पलासियामार्गे ३०, टनेलने ५००, म्हणजे टनेल फक्त बाकीचं पडल्यावरच येईल.

---

माळवा_पॅकेट, इंदूर

लष्कर_गेटवे यांनी नेमकं पकडलं. राउटर आयडी वेगळे आहेत हे बरं, तरी वडोदऱ्याच्या मित्रांचा प्रश्न ज्यांना लागू असेल त्यांच्यासाठी ओळखण्याची खूण लिहून ठेवतो. निरोगी नेटवर्कमध्ये राउटर आपला एलएसए दर १८०० सेकंदांनी ताजा करतो. काही बदल नसेल तर ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस’मध्ये वय शेकड्यांत जातं. दोन राउटरांचा आयडी एकच असेल तर दोघं एकमेकांचा एलएसए खोडत राहतात: वय काही सेकंदांच्या वर चढत नाही आणि सीक्वेन्स नंबर भराभर वाढतो. दोन मिनिटांच्या अंतराने तीच कमांड दोनदा मारली की कळतं.

गोदामवाले दादा, दुरुस्तीनंतर टनेल चालू केलात की आधी आर३ वर समोरच्या सार्वजनिक पत्त्याचा रूट बघा. तो ब्रॉडबँडच्या गेटवेकडेच दिसला पाहिजे, टनेल फुल होण्याआधीही आणि नंतरही. मग प्लांटची पाळी बदलण्याच्या वेळेपासून दूर, अर्ध्या तासाची वेळ मागून वायरलेस खरोखर बंद करा. आर१ वर शटडाउन देऊन नाही, तर सांवेर रोडच्या रेडिओचा वीजपुरवठा काढून. शटडाउन दिला की आर१ ला तत्काळ कळतं आणि चाचणी सोपी होते. रेडिओची वीज गेली तर पलासियाच्या बाजूला इंटरफेस अप राहतो आणि खरा बिघाड जसा येतो तसा येतो. ४० सेकंदांत आर१ वर नेबर पडला पाहिजे, गोदामाच्या लॅनचा रूट आर२ मार्गे ५१० कॉस्टने, वर लॅनची स्वतःची कॉस्ट, असा दिसला पाहिजे, आणि बिल्टी छापली गेली पाहिजे. मोठी फाइलही कॉपी करून बघा. एमएसएस चुकला असेल तर पिंग जाईल, लॉगिन होईल, पण फाइल मधेच अडकेल.

---

गोदाम_राउटर, इंदूर

कॉस्ट कुठेच दिलेली नव्हती. आता तिन्ही लिंकवर दिली. ०.०.०.० काढलं, /३२ टाकले, टनेल चालू केला. आर३ वर आर२ चा सार्वजनिक पत्ता ब्रॉडबँडच्या गेटवेकडेच दिसतो, नेबर फुल आहे आणि टिकून आहे. पीथमपूरहून गोदामाचा ट्रेसराउट पलासियामार्गे, गोदामातून पीथमपूरचाही तसाच.

रेडिओची वीज काढून चाचणी घेतली. ३७ सेकंदांनी आर१ ने नेबर पाडला, रूट आर२ वर गेला, बिल्टी छापली, ईआरपीची फाइलही पूर्ण उतरली. एक विचारायचं: वीज परत दिल्यावर वायरलेस उठून फुल व्हायला मिनिटभर लागलं. हे चालेल की पोल अजून कमी करू?

---

माळवा_पॅकेट, इंदूर

चालेल, राहू द्या. त्या मिनिटात रेडिओ सुरू होऊन जोडला जाण्याचा वेळ, जास्तीत जास्त २० सेकंदांचा पोल, आणि एनबीएमएमध्ये डीआर (त्या लिंकवरचा प्रमुख राउटर) निवडण्याआधीचा डेड टायमरइतका म्हणजे ४० सेकंदांचा थांबा, हे सगळं आलं. त्या वेळात वाहतूक टनेलवर सुरूच असते, कोणाचं काही अडत नाही. परत येणारी लिंक थोडी उशिरा आली तर बरंच. रेडिओ दोन-तीनदा उठून-पडून मग स्थिर होतो, आणि तितक्या वेळा राउट इकडून तिकडे फिरवायची गरज नाही.

डीआर मात्र ठरवून टाका: आर१ ची प्रायॉरिटी १० आणि आर३ ची १ ठेवा. आणि बदललेलं कॉन्फिगरेशन तिन्ही राउटरवर सेव्ह करा. आर१ आणि आर२ वर ‘राइट मेमरी’ दिल्याशिवाय वीज गेली की सगळं पूर्वीसारखं होईल. मायक्रोटिक स्वतःच जपून ठेवतो, तरी त्याची एक एक्स्पोर्ट फाइल काढून ठेवा.